चौतीस माणसं, डोळ्यांची जोडी एकच

साडेतीनांनी त्या दिवशी मांजराला तेवढं सोडून दिलं असतं, तर पुढचं सगळं लचांड टळलं असतं. माणसांचं एक वेळ खपून गेलं असतं. पण आता बसलोच आहोत तर हातासरशी मांजराचंही करून टाकू, असं त्यांच्या मनात आलं, आणि साडेतीनांच्या मनात एकदा आलं की ते हातून झाल्याशिवाय राहत नाही. (चांगली गोष्ट मनात आली तर मात्र ती मनातच राहते. हे त्यांच्या बायकोचं मत, आमचं नव्हे.)

आता साडेतीन कोण, ते आधी सांगायला हवं. साडेतीन म्हणजे आमचे फोटोग्राफर. फोटो काढताना "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तीनला बटण दाबायचं, एवढी साधी गोष्ट, पण ती त्यांना एकतीस वर्षांच्या धंद्यात एकदाही साधली नाही. तीन म्हणून झालं की ते जरा थांबायचे, मान तिरकी करून काचेतून पुन्हा एकदा बघायचे, आणि मग बटण दाबायचे. तोवर समोरच्या माणसानं ताणून धरलेले डोळे दमून मिटलेले असायचे. लोकांनी त्यांचं नावच साडेतीन ठेवलं. स्टुडिओच्या पाटीवर दुसरंच काहीतरी नाव होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे.

असा फोटोग्राफर एकतीस वर्षं टिकला कसा, असं तुम्ही विचाराल. अहो, डोळ्यांच्या जोरावर टिकला! स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर 'डोळे' नावाचं एक फोल्डर होतं. त्यात 'पुरुष', 'बायका', 'मुलं', 'चष्मा' असे कप्पे होते, आणि 'नवरदेव' हा कप्पा वेगळा, कारण नवरदेवाचे डोळे थोडे घाबरलेले लागतात. फोटोत कुणाचे डोळे मिटले की फोल्डरमधून एक जोडी काढायची, लहान-मोठी करायची, आणि बेमालूम चिकटवायची. लोक फोटो घ्यायला यायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "काय डोळे आलेत हो माझे!" साडेतीन विनयानं जमिनीकडे बघायचे.

त्यांची बायको गणिताची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली. सगळे त्यांना बाई म्हणायचे. साडेतीनही चारचौघांत बाईच म्हणायचे, आणि घरात 'अगं' म्हणण्याआधी एकदा अंदाज घ्यायचे. बाईंनी उभ्या नोकरीत कुणाला छडी मारली नाही. गरजच पडली नाही. त्यांनी नुसतं वळून बघितलं की पहिल्या बाकावरची मुलं न केलेल्या चुकासुद्धा कबूल करायची.

तर या बाई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. कारण एकच. शाळेच्या फाटकासमोरच्या गटाराची सात झाकणं दोन वर्षांपासून गायब होती. बाईंनी एकोणीस अर्ज केले. अकरांना उत्तर आलं, आणि अकराही उत्तरांत एकच वाक्य होतं: 'विषय विचाराधीन आहे.' मग एक दिवस पहिलीतल्या एका मुलीचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बाईंनी तिला उचलून बाहेर काढलं, पाय धुतला, घरी पोचवलं, आणि परत येताना वाटेत नगरपालिकेत शिरून उमेदवारीचा फॉर्मच मागितला. पदराला चिखल तसाच होता.

समोर उभे होते मेंबरसाहेब. दोनदा निवडून आलेले, गोड बोलणारे, कुठल्याही प्रश्नाला "बघतो" म्हणणारे. त्यांच्या प्रचाराचं मोबाइलवरचं सगळं काम त्यांचा जावई बघायचा. लग्नाला दोन वर्षं झाली तरी जावयाला कशात गती आहे हे सासऱ्यांना कळलं नव्हतं, ते या निवडणुकीत कळलं. जावयाला मीम करण्यात गती होती.

बाईंच्या प्रचाराची माणसं तीन. त्या स्वतः, कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि विम्याच्या ऑफिसात काम करणारी लेक. साडेतीनांकडे काम एकच दिलेलं होतं, पत्रकावरचा फोटो. आणि बाईंची अट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती.

"माझ्या प्रचारात एक अक्षर खोटं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "झाकणं सात आहेत. आठ म्हणायचं नाही. 'अनेक' म्हणायचं नाही. सात."

"अगदी बरोबर," साडेतीन म्हणाले. त्यांना खरोखरच ते पटलं होतं, हे इथं नमूद करायला हवं. आयुष्यात एकदा तरी बायकोच्या उपयोगी पडावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. गेल्या खेपेला ते उपयोगी पडायला गेले तेव्हा वॉशिंग मशीनमधून फेस थेट शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला होता.

पहिली सभा शाळेच्या भिंतीपाशी झाली. एक्केचाळीस माणसं आली. ऊन समोरून, बाई बोलतायत, माणसं ऐकतायत, भिंतीवर एक मांजर पाय पोटाशी घेऊन बसलेलं. साडेतीन स्टुलावर चढले आणि ओरडले, "इकडे बघा सगळे! एक, दोन, तीन..." मग थांबले. मान तिरकी केली. आणि बटण दाबलं.

दुपारी स्टुडिओत फोटो मोठा करून बघतात, तर एक्केचाळीसपैकी चौतीस जणांचे डोळे मिटलेले. छापखान्यातून दर दहा मिनिटांनी फोन. "फाइल पाठवताय ना? पाच वाजता मशीन दुसऱ्या कामाला लागणार." चौतीस जणांना फोल्डरमधून वेगवेगळे डोळे शोधायचे, वयाप्रमाणे लावायचे, तर दिवस जाईल! साडेतीनांनी मग नेहमीचा घाईतला उपाय केला. त्यांच्या कॉम्प्युटरवर, फोल्डरच्या बाहेर, अगदी समोरच, 'उत्तम' नावाची एक जोडी ठेवलेली असे. लावा कुणालाही, शोभतेच. ती त्यांनी चौतीसही जणांना लावली. रिटायर्ड हवालदारांना लावली, कडेवरच्या बाळाला लावली, आणि सगळं झाल्यावर पाहिलं तर मांजरसुद्धा डोळे मिटून बसलं होतं. (इथं त्यांनी उठायला हवं होतं.)

बाईंनी फोटो बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, ही माणसं चिडलीयेत का माझ्यावर?"

"चिडलेली कुठे? लक्ष देऊन ऐकतायत."

"आणि हे हवालदार? हे तर पूर्ण वेळ डुलक्या काढत होते."

"मधे एकदा उघडले होते त्यांनी डोळे," साडेतीन म्हणाले. "मी नेमका तोच क्षण पकडला."

आता स्वतःचेच डोळे दुसऱ्याच्या तोंडावर पाहिले तर माणसाला ते ओळखू येत नाहीत. बाईंनाही आले नाहीत. त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि दोन हजार पत्रकं छापून आली.

सकाळी आठला ती वाटली. साडेआठला बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका दाताच्या डॉक्टरनं लिहिलं, 'मित्रांनो, भिंतीवरच्या मांजराकडे बघा. का कोण जाणे, मला तेराचा पाढा आठवला.'

दोन मिनिटांत सगळ्यांनी पत्रक शोधून काढलं. मग एकानं लिहिलं, 'हवालदारांकडे बघ.' दुसऱ्यानं लिहिलं, 'बाळाकडे बघ! मी उभा राहिलो रे खुर्चीतून!' आणि मग एका बँक मॅनेजरबाईंनी थेटच लिहून टाकलं, 'अरे, हे सगळे बाईच आहेत.'

दुपारपर्यंत ते डोळे गावभर झाले. कुणी चंद्राला लावले, कुणी बसच्या तोंडाला. एकानं उघड्या फ्रिजच्या आतल्या कप्प्यात लावले आणि खाली लिहिलं, 'आत्ताच जेवलास ना?' जिममध्ये व्यायाम न करता सेल्फी काढणाऱ्या एका पैलवानाच्या मागच्या आरशात लावले. तोवर सगळं हसण्यावारी होतं. लेकीनं ऑफिसातून फोन करून सांगितलंसुद्धा, "बाबा, घाबरू नका, लोक मजा घेतायत."

पण संध्याकाळी मेंबरसाहेबांचा जावई कामाला लागला. त्यानं पत्रकावरचाच फोटो घेतला, चौतीस तोंडांभोवती गोल काढले, आणि वर लिहिलं: 'विराट सभेला प्रचंड गर्दी! हजर: उमेदवार स्वतः, चौतीस वेळा. आणि एक मांजर.' तासाभरात ते ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोचलं. पाठोपाठ मेंबरसाहेब भाषणात अगदी दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "बाईंबद्दल मला आदर आहे. पण ज्यांच्या सभेतले डोळेसुद्धा खोटे, त्यांची झाकणं खरी कशावरून?"

हे मात्र लागलं. औषधवाला दुकानाचं शटर अर्धं ओढून येऊन म्हणाला, "बाई, लोक विचारायला लागलेत हो. दोघं जण मला म्हणाले, शाळेसमोर गटार तरी आहे का खरं?"

साडेतीन घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर पत्रक ठेवलेलं होतं. लाल पेनानं पस्तीस फुल्या मारलेल्या, मांजरासकट, आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात शेरा: 'चुका ३५. गुण ०.' बाई समोर बसल्या होत्या. ओरडल्या असत्या तर साडेतीनांना बरं वाटलं असतं.

"तोच क्षण पकडलात ना?" त्या म्हणाल्या.

"अगं, छापखान्याची घाई होती..."

"मी एकोणीस अर्ज केले. एकातही एक आकडा चुकीचा नव्हता. माझ्याकडे दुसरं आहे काय हो? ना पैसा, ना माणसं. मी खरं बोलते, एवढंच होतं. तेवढंही तुम्ही घालवलंत."

साडेतीन खुर्ची ओढून बसले. "मी काय करू, सांग. पत्रकं गोळा करून आणू? दोन हजार घरं फिरतो."

"नको. उद्या सहा वाजता चौकात सभा आहे. बोलणार तुम्ही."

"मी?" साडेतीन उभेच राहिले. "मला काय बोलता येतं? मी 'हनुवटी जरा खाली घ्या' याच्या पलीकडे कधी चारचौघांत बोललेलो नाही!"

"चूक ज्यानं केली, त्यानं फळ्यापाशी यायचं," बाई म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी चौकात तीनशे माणसं. एवढी गर्दी मेंबरसाहेबांनाही कधी जमवता आली नव्हती. भाषण ऐकायला कुणी आलेलं नव्हतं, सगळे ते प्रसिद्ध डोळे प्रत्यक्ष बघायला आलेले. जावईही आला होता, मोबाइल उंच धरून. उभं राहायला व्यासपीठ नव्हतं म्हणून लेकीनं स्टुडिओतलं गोल स्टूल आणून ठेवलं. ते स्टूल फिरतं असतं हे तिच्या लक्षात आलं नाही. साडेतीन चढले आणि सावकाश गर्दीकडे पाठ करून स्थिर झाले. औषधवाल्यानं त्यांना धरून पुन्हा सरळ केलं.

धीर यावा म्हणून साडेतीन सवयीनं पुटपुटले, "एक... दोन... तीन..." आणि थांबले. समोरच्या तीनशे माणसांनी सवयीनं माना ताठ केल्या, श्वास रोखला, आणि बहुतेकांनी डोळे मिटले. मग चौकात असा काही हशा पिकला की बाईंनाही पदर तोंडाला लावावा लागला.

त्या हशानं साडेतीनांची भीड चेपली.

"मंडळी, चूक माझी आहे," ते म्हणाले. "बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांच्याशी खोटं बोललो. सभेला माणसं खरी होती, तुमच्यातलीच होती. डोळे मी लावले. आणि डोळे खोटे आहेत असं मेंबरसाहेब म्हणतात, ते मात्र मला मान्य नाही. डोळे खरे आहेत. जागा चुकली."

"कुणाचे आहेत ते सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी मी नुकता स्टुडिओ काढला होता. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून एक मुलगी आली. मी म्हटलं, जरा हसा. ती म्हणाली, अर्जाला हसरा फोटो चालत नाही, तुम्ही तुमचं काम करा. मी एक, दोन, तीन म्हटलं आणि थांबलो. ही बघतेय. साडेतीन झालं, चार झालं, पाच झालं, तरी बघतेय! शेवटी मीच घाबरून बटण दाबलं." ते जरा थांबले. स्टूल पुन्हा थोडं फिरलं, ते बाईंच्या दिशेनं. "एकतीस वर्षांत माझ्यासमोर बसून डोळे न मिटलेलं माणूस मला ते एकच भेटलं. तो फोटो मी जपून ठेवला. पुढे लग्नही झालं आमचं, ते एक असो. पण तेव्हापासून घाईच्या वेळी मला दुसरे डोळे आठवतच नाहीत. त्यापेक्षा चांगले मला कुठे मिळालेच नाहीत हो."

बाई साडेतीनांकडे बघत होत्या. एकतीस वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती, आणि ज्यानं सांगायची तो आज तीनशे लोकांसमोर सांगत होता, तेही पाठमोरा होत होत. बाईंनी पापण्या मिटल्या आणि बोटानं डोळ्यांच्या कडा पुसल्या. लेकीलाही भरून आलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून न्हाव्याचा आवाज आला. "अहो साडेतीन, थांबा जरा! माझ्या लग्नाचा फोटो तुम्हीच काढलात ना? वीस वर्षं हॉलमध्ये टांगलाय. ही कायम म्हणते, या फोटोत तुम्ही वेगळेच दिसता, जबाबदार दिसता!"

साडेतीनांनी मान खाली घातली. "त्या दिवशी तीन लग्नं होती."

झालं! माणसं घरोघर पळाली आणि भिंतीवरच्या फोटोंवरची धूळ पुसायला लागली. सव्वीस घरांत बाई सापडल्या. एका आजोबांच्या साठीच्या फोटोत, एका बारशाच्या फोटोत, बेकरीवाल्याच्या दुकानाच्या उद्घाटनात, आणि (जावयानं हे कुणाला कळू दिलं नाही, पण त्याच्या बायकोनंच ग्रुपवर टाकलं) जावयाच्या स्वतःच्या लग्नात. लोकांनी आपापले फोटो मोबाइलवर चढवले. 'आमच्याही घरी बाई आहेत.' 'तरीच आमच्याकडे कुणी कधी खोटं बोललं नाही.' 'तरीच मला हॉलमध्ये सिगारेट ओढायचा धीर होत नसे.'

बाई त्या दिवशी चौकात शेवटी फक्त चार वाक्यं बोलल्या होत्या. "सभेला माणसं एक्केचाळीस होती. डोळे मिटलेली चौतीस. त्यातली खरोखर झोपलेली तीन. आणि गटाराची गायब झाकणं सात, ज्याला शंका असेल त्यानं जाऊन मोजावीत." लोक दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन मोजून आले.

मग गंमत वाढली. कुणीतरी डोळ्यांची ती जोडी मोठ्या कागदावर छापून कचरा टाकायच्या कोपऱ्यावर चिकटवली. त्या कोपऱ्यावर 'येथे कचरा टाकू नये' अशा पाच पाट्या होत्या आणि पाचही पाट्या कचऱ्याखाली गेल्या होत्या. डोळे लावल्यावर मात्र लोक पिशवी घेऊन यायचे, वर बघायचे, आणि पिशवी घेऊन परत जायचे. पाण्याच्या गळक्या टाकीवर डोळे लागले. नगरपालिकेच्या खिडकी क्रमांक तीनवर लागले, तर आतला क्लार्क जेवणाच्या सुट्टीतून वेळेवर परत आला. आणि मतदानाच्या चार दिवस आधी सकाळी शाळेसमोरच्या गटाराच्या सातही उघड्या तोंडांतून, आतून वर बघणारी, डोळ्यांची एकेक जोडी. त्याचा फोटो सगळीकडे गेला. खाली एवढंच लिहिलेलं: 'बाई बघतायत. मेंबरसाहेब, तुमचं "बघतो" कधी?'

दोन वर्षं जे झालं नाही ते दोन दिवसांत झालं. ट्रक आला, माणसं आली, झाकणं आली. मेंबरसाहेब स्वतः उभे राहून काम करून घेत होते. औषधवाला धापा टाकत बाईंकडे आला. "बाई, घात झाला! झाकणं बसतायत! आता प्रचार कशावर करायचा?"

बाई चक्क हसल्या. "झाकणं बसतायत? मग झालं की. मला काय मेंबर व्हायचं होतं होय? चला, बघून येऊ."

साडेतीन कॅमेरा घेऊन मागोमाग गेले. शाळेसमोर गर्दी जमलेली. बाई गटाराच्या कडेनं पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेल्या, प्रत्येक झाकणावर पाय देऊन बघितला, आणि मेंबरसाहेबांच्या, आदल्याच दिवशी उभारलेल्या, प्रचाराच्या मंडपापाशी येऊन थांबल्या.

"सहा," त्या म्हणाल्या.

"सहा झाली ना, बाई!" मेंबरसाहेब आनंदानं म्हणाले. "सातवं मंडपाच्या खाली येतं. मंडप हलवायचा म्हणजे... निवडणूक झाली की बघतो."

बाईंनी नुसतं वळून बघितलं. आणि लोकांच्या लक्षात आलं की मेंबरसाहेबसुद्धा कधीतरी सातवी ब मध्ये होते. त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"सातातून सहा गेले," बाई म्हणाल्या. "किती राहिलं?"

"एक," मेंबरसाहेब पुटपुटले.

"मोठ्यानं."

"एक, बाई!"

चाळीस मोबाइलांनी ते टिपलं. त्याचं मीम करायची कुणाला गरजच पडली नाही, ते आयतंच झालेलं होतं. जावयानं त्या दुपारी मोबाइल बंद करून ठेवला, आणि सासऱ्यांनी म्हणे त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बाई तेहतीस मतांनी निवडून आल्या. (औषधवाला अजून हळहळतो. आणखी एक पडलं असतं तर चौतीस झाली असती, काय मीम झालं असतं!) निकाल लागल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते सातवं झाकण. मंडप हलवायला मेंबरसाहेबांनी स्वतः हात लावला, हेही सांगायला हवं. ज्या मुलीचा पाय गटारात गेला होता, ती त्या झाकणावर दोन्ही पायांनी सात वेळा उड्या मारून गेली. बाईंनी त्या मोजल्या.

मग सगळे म्हणाले, या झाकणावर एक फोटो होऊ द्या.

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. "पण तो आहे तसा लावायचा. कुणाच्या डोळ्यांना हात लावायचा नाही. आणि तुम्हीही या अहो फोटोत. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे काढताय."

साडेतीन लाजले. कॅमेरा स्टँडवर लावला, दहा सेकंदांचा टायमर लावला, आणि धावत येऊन बायकोशेजारी उभे राहिले. "एक, दोन, तीन" म्हणायला समोर कुणी नव्हतं, म्हणून कुणी ताणून धरलं नाही, कुणी दमलं नाही. कॅमेऱ्यानं आपल्या वेळेला आपलं काम केलं. छापून आलेल्या फोटोत सगळ्यांचे डोळे टक्क उघडे होते. औषधवाल्याचे, लेकीचे, न्हाव्याचे, हवालदारांचेसुद्धा. भिंतीवरचं मांजरही टक लावून बघत होतं. बाई हसत होत्या, अर्जाला चालणार नाही इतक्या.

फक्त साडेतीन तेवढे मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजत होते.

"अगं, माझ्या एकट्याचेच उघडतो गं," ते रडवेले होऊन म्हणाले. "तेवढं एक चालेल ना?"

"कुणाचे लावणार?" बाईंनी विचारलं. "माझे नकोत हं. तुमचे स्वतःचे असतील तर लावा."

साडेतीनांनी पूर्ण रविवार खोकी उपसली. लग्नाचे फोटो, सहलींचे, लेकीच्या शाळेचे, लायसन्स, ओळखपत्र. डोळे उघडे असलेला स्वतःचा एकही फोटो त्यांना सापडला नाही. ते सगळे त्यांनी स्वतःच, टायमर न लावता, कुणाला तरी "तीन म्हटलं की जरा थांब, मग दाब" असं शिकवून काढून घेतलेले होते.

शेवटी तो फोटो तसाच नगरपालिकेच्या जिन्यापाशी लागला. अजून आहे. काम घेऊन येणारे लोक बाईंचा फोटो बघतात, आपोआप रांगेत सरळ उभे राहतात, आणि मग हमखास शिपायाला विचारतात, "अहो, बाईंच्या शेजारी हे उभ्या उभ्या झोपलेले गृहस्थ कोण?"

"ते होय?" शिपाई सांगतो. "ते फोटोग्राफर."